पाणपोई आमच्या आजोबांची नव्हती

मंडळी, चाळीसेक वर्षांपूर्वी मारलेली थाप आज सकाळी धरमपेठेतल्या बागेत माझ्यासमोर उभी राहिली.

या बागेत कुणा गृहस्थांच्या स्मरणार्थ बांधलेली जुनी दगडी पाणपोई आहे. शिळेवरचं आडनाव नेमकं आमचंच. ऐंशीच्या दशकात, चौथीत असताना, मी मैत्रिणीला, सुनीताला, ठोकून दिलं होतं, "ही माझ्या आजोबांची आहे." तेव्हापासून ती मला विचारूनच तिथं पाणी प्यायची.

आज ती लेकीसोबत भेटली. लेक तोटीकडे वळताच सुनीता तिला म्हणाली, "थांब, पहिले मावशीले विचार. तिच्या आजोबाची हाय."

मी तिथंच कबूल केलं, "सुनीता, मी खोटं बोलले होते वं."

ती खो खो हसली. "मले तवाच माहीत होतं! तुह्या आजोबाचा हातमाग उमरेडले माह्या मामाच्या घराशेजारीच होता. उमरेडच्या विणकराची पाणपोई इथं कुठून येणार!"

"मग रोज विचारत काहून होतीस?"

"'पी' म्हणतानी तुहा चेहरा किती फुलायचा वं!"

लेक अजून तोटीपाशी थांबलेली. "मावशी, पिऊ का?"

"पी," मी म्हणाले. खरं सांगते, चेहरा आजही फुललाच.

तुमची एखादी थाप अशी कुणी जपून ठेवली आहे का?