दोन विटा

नेतृत्व शिकायला मी एका हॉटेलात दिवसभराच्या शिबिराला गेले होते. समोर सुटाबुटातला एक गृहस्थ. 'व्यवसाय वाढतो तेव्हा प्रमुखाचं दार सदैव उघडं हवं,' हे त्याने एवढ्या वेळा सांगितलं की माझ्या डोक्यात ते बसलंच. मी भलतीच आज्ञाधारक! दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं.

आमचा केळ्याच्या वेफर्सचा कारखाना. कारखाना म्हणजे तुळिंजजवळचा एक गाळा. पण तीस बायका कामाला, तेव्हा थोडी ऐट केली तर काय बिघडलं? सुरुवात झाली माझ्या आचोळ्याच्या फ्लॅटमधल्या स्वयंपाकघरात. तेव्हा आम्ही दोघीच होतो, मी आणि गिरीजहून येणाऱ्या मावशी. कच्ची केळी त्यांच्याच वाडीतली. कढईवर किसणी धरून त्या सरसर केळं घासायच्या, चकत्या थेट तेलात पडायच्या, आणि एक चकती दुसरीला चिकटेल तर शपथ. मी फक्त मीठ टाकायचे आणि मालकिणीच्या थाटात चव बघायचे.

गाळा घेतला तेव्हा मोठ्या कढईसाठी विटांची भट्टी बांधली. गवंड्याने माप घेतलं तेव्हा समोर नेमकी मी उभी. मी ही अशी ताडमाड! झालं, भट्टी माझ्या मापाची झाली. मावशी माझ्या खांद्याला लागतात.

"ताई, भट्टी दोन विटा खाली घ्या ना," त्या म्हणाल्या. "हात वर धरून धरून खांदा गेला माझा."

"बघते हं मावशी," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांनी परत सांगितलं. मी परत बघते म्हणाले. मनात वाईट काही नव्हतं, देवाशप्पथ. नवीन पाकिटं, नवीन दुकानदार, एकीची रजा, दुसरीचं रडगाणं. दिवसभर मी सगळ्यांना बघतेच म्हणत होते आणि बघत काही नव्हते.

दार काढल्यामुळे तेलाचा वास माझ्या केसांत मुरला आणि बाहेरचं सगळं ऐकू यायला लागलं. एक दिवस एक नवी बाई खुशीत सांगत होती, "माझ्या सुट्टीचं ताई बघते म्हणाल्या!"

त्यावर मावशींचा आवाज आला, "मग इसर आता. ताई बघते म्हनल्या म्हंजे नाय." सगळ्या खिदळल्या.

माझं डोकंच फिरलं. तिथेच शहाणी झाले असते तर त्या सुटाबुटातल्या गृहस्थाची शिष्या शोभले असते. पण मला आला राग. ज्यांना मी घरातलं मानते त्याच माझी टर उडवतात? आठवडाभर मी मावशींशी कामापुरतंच बोलले. विटा तशाच राहिल्या. सोमवारी मावशी आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत.

चकत्या जाड पडायला लागल्या, काही करपल्या, काहींचे चिकटून लाडू झाले. शेवटी रिक्षा करून मी गिरीज गाठलं. मावशी वाडीत केळींना पाणी देत होत्या, डाव्या हाताने. उजवा हात पोटाशी धरलेला. तो हात बघितला आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. लाज वाटली.

"चुकलं माझं मावशी. विटा आजच काढते. तुम्ही परत या."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पदराला हात पुसून गोड हसल्या.

"बघते हं ताई," म्हणाल्या.

त्याच दुपारी मी गवंड्याला समोर उभं करून दोन विटांचा थर काढायला लावला. त्याला आता वर्ष होत आलं. भट्टी मावशींच्या मापाची आहे आणि तिच्यापुढे वाकून तळते मी. कमरेचा पार भुगा झालाय. परवा एकजण कळवळून म्हणाली, "ताई, दोन विटा चढवून घ्या की!"

"नाही," मी सरळ सांगितलं. "मावशी आल्या तर?"