मावशीचं लॉगिन, आईचा कोड

भाच्याने मावशीच्या संगणकाची साफसफाई केली आणि कचऱ्याबरोबर मावशीचा धंदाही झाडून टाकला.

हेतू चांगला होता. मावशी पडदे शिवते. एकदा तिने ऑनलाइन गुडघ्याचा पट्टा नुसता बघितला, तेव्हापासून तो पट्टा हात धुऊन तिच्या मागे लागला. बातम्या उघडा, पट्टा. हवामान बघा, पट्टा. मावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. भाचा मात्र ऑफिसात लोकांना ऑनलाइन सुरक्षेचे धडे देणारा. मावशी चहा टाकायला गेली तेवढ्यात त्याने ब्राउझरमधल्या सगळ्या कुकी पुसल्या.

"कुकी म्हणजे साइटने तुझ्याकडे ठेवलेली चिठ्ठी," त्याने कप घेत सांगितलं. "जाहिरातवाले तिच्यावरून तुझा माग काढतात. आता बसतील बोंबलत."

मावशीने ऑर्डरींची साइट उघडली. साइटने ओळखसुद्धा दाखवली नाही. पासवर्ड मागितला.

"हे काय नवीन? रोज तर सरळ आत सोडते."

"ती ओळखही चिठ्ठीतच असते," भाचा म्हणाला आणि त्याचा चहा गार झाला. काढायच्या होत्या फक्त जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या. शहाण्याने हिच्या ओळखीचीही फाडली होती.

आत एका नाट्यगृहाची ऑर्डर थांबली होती. दुपारपर्यंत 'स्वीकारली' म्हटलं नाही, तर ती दुसऱ्याकडे जाणार. पासवर्ड मावशीच्या सात पिढ्यांना आठवला नसता. नवा करायचा तर फोनवर कोड येणार, आणि साइटला माहीत असलेला नंबर होता भाच्याच्या आईकडे.

दोघी बहिणींनी दुकान मिळून काढलं होतं. पडदा जमिनीला टेकावा की बोटभर वर राहावा, यावरून त्यांचं फाटलं. थोरलीने फोन नेला, धाकटीने मशीन ठेवलं. बोलणं बंद. मावशी त्या साइटमधून कधी बाहेर पडली नव्हती ती याचसाठी. पडली असती तर पुन्हा आत यायला थोरलीची मनधरणी आली असती.

भाच्याने आईला फोन लावला.

"आलाय कोड," आई म्हणाली. "पण कोड कोणाला सांगायचा नसतो. तूच घसा कोरडा करून शिकवलंस."

"आई, मी मागतोय."

"सगळे चोर असंच म्हणतात, हेही तूच सांगितलंस. जिचं खातं तिने मागावा."

तेवढ्यात कोडची मुदत संपली. भाच्याने कपाळाला हात लावला, नवा कोड मागवला आणि फोन मावशीपुढे धरला. मावशीने सुईत दोरा ओवला. मग घड्याळाकडे बघितलं. मग फोन घेतला.

"सांग."

"कुठले पडदे?"

"नाट्यगृहाचे."

"टेकणारे?"

"टेकणारे."

"मळतील."

"मळू देत. आकडे सांग."

थोरलीने आकडे सांगितले, आणि सांगता सांगता खालची दुमड जाड घ्यायलाही बजावलं. ऑर्डर स्वीकारली गेली. भाच्याने घाम पुसला, बाहेरच्या जाहिरातवाल्यांच्या कुकी तेवढ्या बंद केल्या आणि सलोख्याच्या सुरात विचारलं, "मावशी, 'लॉगिन लक्षात ठेवा'वर खूण करू? म्हणजे परत कोड नको."

"नको, तिला रोज उठून आकडे वाचू दे."