मावशीच्या उंचीचा ओटा

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तिचा आवाज असा भारदस्त की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, पलीकडे कुणीतरी चांगली उंचीपुरी बाई बसली आहे. प्रत्यक्षात मावशी इतकी बुटकी की ऑफिसच्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला टेकत नसत. याचं तिला कधी काही वाटलं नाही. वैताग यायचा तो फक्त स्वयंपाकघरात.

लग्न झाल्यापासून ती भाड्याच्याच घरांत राहिली होती. घरं बदलली, पण ओटा प्रत्येक घरात तिच्या छातीशी यायचा. पीठ मळायचं तर हाताला जोर मिळायचा नाही, कढईत काय चाललंय ते टाचा उंच केल्याशिवाय दिसायचं नाही. म्हणून ती एका लाकडी स्टुलावर उभी राहून स्वयंपाक करायची. गॅसपासून सिंकपर्यंत जायचं म्हणजे उतरायचं, स्टूल पायाने सरकवायचं, पुन्हा चढायचं. एकदा दुधाचं पातेलं उतरवताना स्टूल कलंडलं आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर निघाल्यावर तिने काकांना सांगितलं की आता पुढचं घर स्वतःचं घ्यायचं आणि त्यात ओटा माझ्या मापाचा असेल. बाकी खिडक्या कुठेही असू देत.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासायचे. माणूस ताडमाड उंच आणि स्वभावाने गरीब गाय. आवाज चढला की दुसऱ्या खोलीत जाऊन पेपर वाचणारा. घरातली भांडी घासायचं काम त्यांचं होतं, त्यामुळे ओट्याविषयी त्यांचीही मतं होती, पण ती त्यांनी कधी बोलून दाखवली नाहीत.

निवृत्ती जवळ आली तेव्हा दोघांनी साठवलेलं सगळं एका नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये घालायचं ठरवलं. इमारत तेव्हा पायाच्या वर जेमतेम आली होती. पण शेजारी काचेचं चकचकीत ऑफिस होतं आणि आत एक सजवलेला सॅम्पल फ्लॅट. मला बरोबर नेलं होतं, कारण मी बँकेत कामाला होते आणि मला कागद कळतात असा मावशीचा समज होता.

फ्लॅट दाखवणारा सेल्समन मोठा गोड बोलणारा. काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच, "होऊन जाईल, मॅडम." पाचव्या मजल्यावर मिळेल का? होऊन जाईल. ओटा खाली घ्यायचा आहे, जमेल का? होऊन जाईल. घरी परतेपर्यंत मावशीने त्याचं नाव होऊन-जाईल ठेवलं होतं आणि पुढे आमच्यात तेच चाललं.

पैसे भरून झाल्यावर मात्र होऊन-जाईलचा सूर बदलला. ओटा खाली घेणं हे एक्स्ट्रा काम आहे, असं त्याने सांगितलं. मावशीला हे काही केल्या पटेना.

"खाली घ्यायचा म्हणजे विटा कमी लागणार. मग पैसे जास्त कसे?"

"मॅडम, स्टँडर्डपेक्षा वेगळं ते सगळं एक्स्ट्रामध्ये येतं."

"कमी केलं तरी?"

"कमी करणं पण एक्स्ट्राच, मॅडम."

मग एकेक बाहेर यायला लागलं. सॅम्पल फ्लॅटमध्ये मागच्या बाल्कनीला जाळीचा दरवाजा होता, तो आपल्याला मिळणार नव्हता. बाथरूममधला आरसा नाही, छतातले दिवे नाहीत. सॅम्पल फ्लॅट हा नुसता कल्पना येण्यासाठी असतो म्हणे. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा टोमणा मारला. भिंती तरी यात धरल्या आहेत ना, असं त्यांनी विचारलं. होऊन-जाईलने अगदी मनापासून उत्तर दिलं की भिंती धरल्या आहेत, रंगाचा मात्र एकच हात धरला आहे, दुसरा हवा असेल तर एक्स्ट्रा.

मावशीने दरवाजा सोडला, आरसा सोडला, दुसऱ्या हाताच्या रंगावरही पाणी सोडलं. ओट्याचे पैसे तेवढे भरले. ऑफिसातल्या इंजिनिअरसमोर उभं राहून, कोपर वाकवून, हात कुठे येतो ते तिने त्याला दाखवलं. त्याने टेप लावून माप लिहून घेतलं. आता काळजी नको, तो म्हणाला.

त्यानंतर कितीतरी महिने आम्हाला आत सोडलंच नाही. काम चालू आहे, डोक्यात काही पडलं तर जबाबदारी कुणाची, असं म्हणून वॉचमन फाटकातूनच परत पाठवायचा. मावशी फोन करायची. आयुष्यभर लोकांना "जरा थांबा हं, जोडते" म्हणणारी बाई आता स्वतः तासन् तास थांबत होती, आणि तिला जोडून कुणी देत नव्हतं. ती चिडायची ती दुसऱ्याच कारणाने. समोरच्या मुलीला फोन कसा धरून ठेवावा हेही येत नाही, मधेच कापते, असं तिचं म्हणणं.

शेवटी ताबा घ्यायला बोलावणं आलं. लिफ्ट अजून सुरू नव्हती. आम्ही पाच मजले चढून धापा टाकत वर गेलो. मावशी बाकीच्या खोल्यांकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यासमोर उभी राहिली. ओटा तिच्या छातीशी होता.

बरोबर आलेल्या इंजिनिअरने टेप लावला, कागद बघितला, पुन्हा टेप लावला, आणि म्हणाला की हा स्टँडर्डप्रमाणे अगदी बरोबर आहे. मावशी म्हणाली, तेच तर चुकलंय.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी तावातावाने बोलत असल्याचा आवाज आला. मावशीने कान टवकारले आणि ती सरळ जिन्याकडे निघाली. बरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एक तरुण उभा होता. जनावरांचा डॉक्टर होता तो आणि काकांपेक्षाही उंच. त्याच्या स्वयंपाकघरातला ओटा त्याच्या मांड्यांशी येत होता. तो सुपरवायझरला सांगत होता की या सिंकमधून माझा कुत्रा उभा राहून पाणी पिऊ शकेल, पण मला भांडी घासायची तर गुडघे टेकावे लागतील. मावशी त्या ओट्यापाशी गेली, कोपर वाकवून हात ठेवला. तंतोतंत तिच्या मापाचा. ग्रॅनाइटवरून हात फिरवत ती म्हणाली, "हा माझा आहे."

पाचवा आणि सहावा मजला यांत घोळ झाला होता, एवढं उघड होतं. आम्हाला वाटलं, चला, चूक समोर दिसतेच आहे, आता कुणी नाही म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसने डॉक्टरला कळवलं की ओटा उंच करून हवा असेल तर ते एक्स्ट्रा काम धरलं जाईल. आणि मावशीला कळवलं की तुमच्या नावाचं काम इमारतीत झालेलं आहे, त्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. इमारतीत! मावशीने मला ते दोनदा वाचायला लावलं. मी वाचताना काही गाळतेय की काय, असं तिला वाटत होतं.

डॉक्टर समजूतदार होता. दोन्ही घरं सारखीच आहेत, आपण अदलाबदल करू, म्हणजे यांची कटकटच नको, असं त्याने सुचवलं. मावशी लगेच तयार झाली. ऑफिसात गेल्यावर होऊन-जाईल म्हणाला की होऊन जाईल, फक्त दोघांनाही नावबदलाची फी भरावी लागेल, कागद नव्याने करावे लागतील, आणि सहावा मजला वर असल्याने त्याचा दर जास्त आहे, तो फरक मॅडमना द्यावा लागेल. डॉक्टरला फरक परत मिळेल का, असं मी विचारलं. परत करायची पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. हे ऐकून डॉक्टर हसायलाच लागला आणि हसता हसता बाहेर जाऊन बसला.

त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता. म्हणाले, जाऊ दे ना, कुठे या लोकांच्या नादी लागतेस, मी तुला एक छान भक्कम, रुंद स्टूल करून घेतो, पडायची भीतीच राहणार नाही. मावशी भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"अहो, सगळा जन्म मी स्टुलावर काढला. ती घरं दुसऱ्यांची होती म्हणून काढला. आता स्वतःच्या घरातही चढ-उतारच करायची असेल तर पैसे कशाला भरले?"

काका दुसऱ्या खोलीत गेले नाहीत. त्यांनी सुरी उचलली आणि उरलेली भाजी वेडीवाकडी चिरून दिली. या विषयावर त्यांनी पुन्हा माघारीचं नाव काढलं नाही.

ताबा घेताना एका कागदावर सही करायची होती, की काम पसंत आहे, तक्रार नाही. मावशीने सही करायला नकार दिला. ऑफिसने कळवलं की मग किल्ली मिळणार नाही. इकडे जुन्या घरमालकाला घर सोडतो म्हणून सांगून झालं होतं. त्याच्या हातापाया पडून मुदत वाढवून घ्यावी लागली. मावशीची झोप उडाली. एरवी फोनवर कधी आवाज न चढवणारी ती, घरी कुकरची शिट्टी झाली तरी खेकसायला लागली.

मग निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने डबा भरला, विणकाम घेतलं आणि त्या काचेच्या ऑफिसात जाऊन सोफ्यावर बसली. साहेबांना भेटायचंय, असं सांगितलं. साहेब, म्हणजे बिल्डर, कुणाला दिसत नसत. काउंटरवरचे लोक म्हणाले, बसा. ती बसली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी ती डबा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला गेले तर तिथला प्रकार पाहून थक्क झाले.

तिथे नवी गिऱ्हाइकं येत होती. सॅम्पल फ्लॅट बघून येणारी माणसं सोफ्यावर टेकायची, आणि शेजारी शांतपणे विणत बसलेल्या बाईला सहज विचारायची, तुम्हीही घेताय का इथे? मावशी म्हणायची, घेतलाय. मग पुढचा प्रश्न येणारच, कसा आहे अनुभव? आणि मावशी सांगायची. रागाने नाही, टोमणे मारून नाही. हॉस्पिटलात वॉर्ड कुठे आहे ते सांगावं तसं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. तिचा तो आवाज काउंटरपर्यंत स्वच्छ पोचत होता. एक जोडपं ऐकता ऐकताच उठलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी होऊन-जाईलला विचारलं की सॅम्पल फ्लॅटमधलं नेमकं काय काय आम्हाला मिळणार नाही, ते आधी सांगा. होऊन-जाईलने आत जाऊन साहेबांना फोन लावला.

संध्याकाळी साहेब प्रकट झाले. मावशीला आतल्या केबिनमध्ये बोलावलं. मी तोवर थांबले होते, मीही आत गेले. साहेब चांगलेच तापले होते.

"मॅडम, तुम्ही आमची गिऱ्हाइकं बिथरवताय."

"मी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यात काही खोटं असेल तर दाखवा."

"तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली. तिला खरंच कळेना की या माणसाला आजवर कुणी हे सांगितलंच नसेल का. मग ती खुर्चीतून उठली, त्याच्या टेबलाशी उभी राहिली, कोपर वाकवलं आणि म्हणाली, "इथे येईल असा ओटा. पैसे तुमच्याकडे पोचलेत."

साहेबांनी इंजिनिअरला बोलावून आमच्यासमोरच झापलं. इंजिनिअरने सुपरवायझरचं नाव घेतलं, सुपरवायझरने गवंड्याचं. पण गवंडी आले. दोन्ही मजल्यांवर आले, आणि डॉक्टरकडून वेगळे पैसे घ्यायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

काम मात्र जसं व्हायचं तसंच झालं. भिंतीवरच्या जुन्या टाइल्स संपल्या होत्या, त्यामुळे मावशीच्या ओट्याच्या वर वेगळ्याच रंगाचा एक पट्टा आला, चादरीला ठिगळ लावल्यासारखा. नळ जिथल्या तिथे राहिला, आता पाणी उंचावरून पडतं आणि अंगावर उडतं. डॉक्टरचा ओटा उंच झाला, पण त्याला असा उतार आला की पाणी सिंककडे न जाता गॅसकडे येतं. किल्ली मिळून राहायला जाऊन महिना होतो न होतो तोच मावशीला जुना ओटा तोडल्याबद्दलचं एक्स्ट्रा बिल आलं. तिने ते घडी करून परत पाठवलं. पुन्हा आलं. पुन्हा पाठवलं. अजून चालूच आहे. आणि भांडी घासताना काकांना आता कमरेत वाकावं लागतं. रात्री ते पाठीला मलम चोळून घेतात, पण तक्रार करत नाहीत.

परवा मी गेले तेव्हा मावशी चहा करत होती. दोन्ही पाय जमिनीवर, हात सैल. मी विचारलं, मग, झालं ना तुझ्या मनासारखं? मला वाटलं, खूश होऊन सांगेल. ती आधण बघत राहिली.

"मनासारखं काय त्यात? जे पैसे देऊन मिळायचं ते भांडून मिळवलं. तीन दिवसांत मी अर्धा स्वेटर विणला त्या सोफ्यावर, आणि तोही उसवावा लागला. रागात टाके चुकले होते."

मग तिने गॅस बंद केला आणि मला कप काढायला सांगितलं. कप भिंतीवरच्या उंच कपाटात होते. ती कपाटं खाली लावायला सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.