कपाटामागचा नळ

माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात नळ आला, तेव्हा तिने मुद्दाम फोन लावून मला पाण्याचा आवाज ऐकवला. तिचे गाव डोंगरात, पाण्याचा झरा खाली दरीत आणि गुडघे कधीचेच कामातून गेलेले. डॉक्टरांनी चढउतार बंद करायला बजावले होते. म्हणून तिने कचेरीचे उंबरे झिजवून नळ मिळवला. आणि लगोलग गावात जबाबदार पर्यटन आले.

जबाबदार पर्यटन म्हणजे काय, हे ते गावात आणणाऱ्या संस्थेच्या समन्वयक बाईंनी मला समजावून सांगितले. बेजबाबदार पर्यटक हॉटेलात उतरतो. जबाबदार पर्यटक कोणाला ठाऊक नसलेल्या गावात, गावकऱ्यांच्या घरी राहतो, त्यांची कामे करतो आणि ती करताना त्याचा फोटो काढला जातो. ‘गावाला धक्का न लावता’ हे संस्थेचे ब्रीद. त्यानुसार बाईंनी आत्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोठ्यात टाकायला लावल्या, टीव्हीवर चादर घातली आणि नळापाशी येऊन सुस्कारा सोडला.

"आजी, पाणी भरण्याचा अनुभव हाच आपला मुख्य कार्यक्रम आहे हो."

"मग धरा की नळाखाली कळशी. तोही अनुभवच."

बाई हसल्या नाहीत. पलीकडच्या गावात अजून नळ आलेला नाही, एवढेच त्यांनी सहज सांगितले. पाहुणे शेजारणींच्याही घरी पैसे देऊन उतरणार होते, त्यामुळे शेजारणींनी आपापले नळ झाकून आत्याकडे डोळे वटारले आणि तिच्याही नळासमोर लाकडी कपाट सरकवले गेले.

तेव्हापासून पाहुणे नसले की आत्या नळाचे पाणी प्यायची आणि पाहुणे आले की कळशी घेऊन दरीत उतरायची. त्यांना वाट दाखवायला कोणीतरी हवे होते, शिवाय संस्थेच्या पत्रकावर ‘हसतमुख आजी’ छापून झाली होती. गावाचा भार हलका करायला माणसे येत आणि ती परत गेली की आत्या गुडघ्यांना शेक देत बसे.

"आत्या, सोड ना हे," मी म्हणालो.

"सोडते. शेजारणींच्या तोंडी तू लागतोस?"

मी विषय बदलला.

मी तिच्याकडे होतो तेव्हाच एक तुकडी आली. त्यातल्या एका तरुणाने भरलेली कळशी घेतली, अर्धी वाटेत सांडली आणि उरलेल्या पाण्याकडे पाहून त्याचे डोळे भरून आले. म्हणजे पाण्याचा हिशेब जवळजवळ जुळला.

त्या गावात नळाला पाणी स्वतःच्या मर्जीने येते. ते आल्याचे कळावे म्हणून नळ उघडा ठेवायचा आणि खाली बादली लावायची, ही तिथल्या सगळ्या बायकांची सवय. तुकडी आली त्या सकाळी घाईघाईत कपाट सरकवताना आत्याने बादली तेवढी काढली, नळ राहिला उघडाच. पाहुणे मांडी घालून ‘साधे जगणे’ या विषयावर बोलत असताना कपाटाखालून पाणी आले.

"अय्या! आजी, तुमच्या घरातच झरा आहे?" एक पाहुणी ओरडली.

"जमिनीतला ओलावा आहे तो," समन्वयक बाई म्हणाल्या. तोवर ओलावा सतरंजीपर्यंत पोचला होता. तरुणाने कपाट ओढले. मागे नळ धो धो वाहत होता.

"म्हणजे आम्हाला फसवलंत?" पाहुणीने विचारले. शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

आत्याने आधी नळ बंद केला. मग म्हणाली, "तुम्ही परवा घरी जाल. गेल्या गेल्या नळ सोडून हातपाय धुवाल ना? मग माझाच का झाकायचा? माझे गुडघे कोणी छापले नाहीत त्या कागदावर. आजपासून हा नळ घरच्यांचा. पाहुण्यांनी दरीत जायचं. वाट पाठ झालीय तुमची, मी येणार नाही."

आता सगळे सामान बांधणार, असे मला वाटले. पण पाहुणीने छातीवर हात ठेवला. "किती खरं बोलल्या आजी!" आणि ती मंडळी कळश्या उचलून ओळीने दरीकडे निघाली. शेजारणींनी एकमेकींकडे पाहिले आणि आपापल्या नळांवरची झाकणे काढायला घरी पळाल्या.

नव्या पत्रकात ‘हसतमुख’ खोडून ‘करारी’ केले आहे. आत्या गोठ्यातून परत आणलेल्या खुर्चीत बसून पाहुण्यांची वाट पाहते. त्यांनी वर आणलेले पाणी ती परसातल्या वेलाला घालायला लावते आणि स्वतः नळाचे पिते.