जावयाची पिशवी

शिरूरच्या बाजारपेठेत माझं मेडिकल आहे आणि काउंटरमागं पाटी आहे: ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या मिळणार नाहीत.’ पाटी मीच रंगवलीय, लालभडक. नशेसाठी खाल्ल्या जाणाऱ्या दुखण्यावरच्या गोळ्यांवर सरकारनं नियम कडक केले तेव्हा मला कोण चेव आला होता! कंपनीतला एक बिहारी कामगार बोटाला हे एवढं बँडेज बांधून आला. चिठ्ठी खरी होती. पण शिक्का पुसट दिसला म्हणून मी त्याला हाकलला. "यहाँ नशा नहीं बिकता," असं चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सुनावलं. तो बिचारा बोट धरून गेला. माझी छाती मात्र दिवसभर फुगलेली.

पुढं पोलीस ठाण्यात व्यसनमुक्तीची बैठक झाली. साहेबांनी विचारलं, "आपल्याकडं ह्या गोळ्या येतात कुठून?" मी ताडकन उठलो. "बाहेरून, साहेब! बाहेरची माणसं आणतात." टाळ्या पडल्या, शाल-नारळ मिळाला. तीच शाल मिरवायला मी सासुरवाडीला गेलो, दौंड तालुक्यात, कासुर्डीला. पिशवीत वर शाल, खाली मामांसाठी गोळ्यांची तीन पाकिटं.

मामा म्हणजे माझे सासरे. ट्रॅक्टरवरून पडले तेव्हा डॉक्टरांनी कंबरदुखीवर आठ दिवसांच्या गोळ्या दिल्या. नववा दिवस माझ्यापासून सुरू झाला. दौंडचे दुकानदार चिठ्ठी मागायचे, नियमच तसा. मी कशी मागणार? पोरगी देताना त्यांनी माझी चिठ्ठी बघितली होती का? लोक सासुरवाडीला पेढे नेतात, मी गोळ्या न्यायचो आणि रजिस्टरात जुन्याच चिठ्ठीचा नंबर टाकायचो. "जावई असावा तर असा," असं मामा सगळ्या आळीला सांगायचे. लाज वाटायची सोडून मी गाढव खूश व्हायचो.

यंदा धोंड्याच्या महिन्यात जेवायला बोलावणं आलं, तेव्हाही गोळ्यांची पिशवी बरोबर होतीच. सासूबाईंनी पाय धुतले, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले. मामा ओसरीवर बाजेवर होते. तिथून तीनदा हाक आली, "पाव्हणं, पिशवी कुठाय?"

सासूबाई ताटासमोरच बसून राहिल्या. हळूच म्हणाल्या, "जावईबापू, काल हे मोटर चालू कराया गेलं आन् हिरीच्या काठावरच झोपलं. पाय आत लोंबत व्हते. धोंड्याला जावयानं मागायचं असतं, पर आज मीच मागती. त्या गोळ्या आणू नगा. माझं कुकू जाईल ओ."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस बाहेरची माणसं शोधत होतो मी शहाणा! साहेबांना खरा पत्ता द्यायचा तर माझ्याच दुकानाचा द्यायला हवा होता.

हात धुऊन ओसरीवर गेलो. पिशवी आतच ठेवली. "मामा, गोळ्या देणार न्हाई. गाडी आणलीय, आत्ताच डॉक्टरकडं जाऊ. मी थांबतो तुमच्याबरोबर."

मामांनी आधी माझ्या हातांकडं बघितलं, मग तोंडाकडं.

"मग आलात कशाला?" म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

मी बाजेच्या कडेला बसलो. थांबतो म्हणालो होतो, तसा थांबलो.