डायलचा स्क्रू

बन्सी मामांच्या निरोप समारंभाला तीन दिवस उरले होते आणि तमन्नाला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. एवढ्या वर्षांत संधी काय कमी आल्या? पण प्रत्येक वेळी तिनं ती चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली. आता शनिवारी मामा रिटायर होणार, पारनेरकडच्या आपल्या गावी जाणार. मग काय भिंतीला सांगायचं?

तमन्ना शेख आज सुप्याच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिनं पास केल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. भल्याभल्या ऑपरेटरांना ती त्यांनी घडवलेला जॉब परत करते आणि वर दोन शब्द सुनावते. पण लोखंड कातणाऱ्या लेथच्या रांगेतून जाताना कूलंटचा तो आंबूस वास नाकात शिरला, की ती पुन्हा एकोणीस वर्षांची, घाबरलेली अप्रेंटिस होते. आणि खरं सांगायचं तर तिला तसं व्हायला आवडतं.

राहात्याला बाजारतळाजवळ तिच्या वडिलांचं, लालमहंमदभाईंचं, सायकल दुरुस्तीचं दुकान. पोरगी पान्यांशी खेळतच मोठी झाली. तिनं आयटीआयला टर्नरचा ट्रेड घेतला तेव्हा शेजाऱ्यांनी विचारलं, "का वो भाई, पोरीला शिवणक्लास मिळाला न्हाई व्हय?" भाई म्हणाले, "शिवणाचं बी मशीनच असतंय. ही जरा मोठं चालवंल." बोलायला बोलले, पण तिला याच कारखान्यात अप्रेंटिसशिपसाठी सुप्याला आपल्या बहिणीकडं, बिस्मिल्ला फुफीकडं सोडताना अट घातली. एक वर्ष. कंपनीनं ठेवून घेतलं तर ठीक, नाहीतर निमूट घरी यायचं.

पहिल्या दिवशी स्टोअरवाल्यानं दिलेल्या बॉयलर सूटमध्ये अशा दोन तमन्ना मावल्या असत्या. तिनं बाह्यांना चार घड्या घातल्या आणि मोठ्या ऐटीत मशीन शॉपमध्ये शिरली. तिला शिकवायला नेमलेल्या, लेथवरच्या बन्सी मामांनी तिथूनच परत धाडलं. "सैल बाही म्हंजी मशीनला दिलेलं आवतन. आदी हात संभाळ, मंग काम शिक." फुफीनं त्या संध्याकाळी बाह्या कापून शिवून दिल्या आणि मामांना मनोमन दुवा दिला.

पहिले दोन महिने नुसती कानस. लोखंडाचा ठोकळा शिकंज्यात धरायचा, घासायचा, काटकोन बघायला गुण्या लावून उजेडाकडं धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घासायचा. हाताला असे फोड आले, की भाकरी मोडवेना. फुफी घास भरवायची आणि कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तमन्ना रडत रडत जेवायची आणि सकाळी सहाच्या बसला सगळ्यांच्या आधी उभी असायची. ज्या दिवशी गुण्याखालून उजेड आला नाही, त्या दिवशी मामांनी आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तिच्याकडं सरकवली. त्यानंतर तिला पुष्कळ सर्टिफिकिटं मिळाली, पण त्या चटणीची सर एकालाही नाही.

मग लेथ आली. मामा स्वतः सेटिंग करायचे, कटाची खोली दाखवणारी डायल शून्यावर आणून ती हलू नये म्हणून तिचा बारका स्क्रू आवळायचे, पंपाला लागणारी पहिली पिन काढून दाखवायचे आणि बाजूला व्हायचे. पुढच्या पिना तिच्या. शिकवण एकच, पण ती दिवसातून दहादा. "गरम जॉब खोटं बोलतो. गार झाल्याबिगर त्येला काय इचारू नगंस."

तिच्याबरोबर दुसरा अप्रेंटिस, कोपरगावचा पार्थ होता. वर्ष संपत आलं तेव्हा बातमी फुटली, की दोघांतला एकच राहणार. झालं, पिनांची शर्यत लागली. त्या दुपारी तमन्नाच्या मशीनचा, लोखंड गार ठेवणारा कूलंटचा पंप तुंबला. पलीकडं पार्थच्या पेटीत पिना टणाटण पडत होत्या. ती थांबली नाही, कोरडीच कापत राहिली. निघालेली पिन चटका बसण्याइतकी तापलेली आणि मायक्रोमीटर तीस मायक्रॉन जास्त दाखवणारा. तापलेलं लोखंड फुगतं, हे तिला पाठ होतं. पण डोळ्यांसमोर पार्थची पेटी होती. तिनं तो बारका स्क्रू सैल केला, डायल किंचित फिरवून कट खोल केला आणि गरम पिना मापात बसवल्या. सव्वीसच्या सव्वीस. सकाळी गार होऊन त्या आक्रसल्या आणि सगळ्याच्या सगळ्या नापास मालाच्या लाल पेटीत गेल्या.

मामांनी मशीन पाहिलं. डायलचा स्क्रू सैल होता, तो आवळायचं तिला भानच राहिलं नव्हतं.

"डायलला हात लावला व्हता का गं?"

"नाही, मामा."

खोटं इतकं सहज निघालं, की तिचं तिलाच नवल वाटलं. मामांनी मान हलवली आणि तडक सुपरवायझर आबासाहेबांकडं गेले. "स्क्रू आवळायचा माझ्याकडनं ऱ्हायला, साहेब. पोरीचा दोष न्हाई." त्या महिन्यात मामांना ट्रेनिंग विभागात इन्स्ट्रक्टर करणार होते. ते बारगळलं. तमन्ना मात्र राहिली आणि पार्थ गेला. पार्थला पुढं चाकणला चांगलं काम लागलं, त्यामुळं त्याचं ओझं तिनं केव्हाच उतरवलं होतं. मामांचं उतरेना. दर वर्षी नव्या पोरांना दुसरंच कुणी शिकवायचं आणि मामा लेथवरच उभे असायचे. त्यांनी तिच्या लग्नात पंगतीला वाढलं, तिच्या पोरीला लाकडी पांगुळगाडा करून दिला, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आत्ता सांगावं.

शनिवारी सगळे हॉलकडं निघाले तेव्हा मामा एकटेच मशीन पुसत होते. तमन्ना गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तुंबलेला पंप, गरम पिना, पार्थची पेटी, सगळं. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळं तुमचं इन्स्ट्रक्टरचं गेलं, मामा. मला माफ करा."

मामांचा पुसणारा हात थांबला.

"त्ये मरू दे इन्स्ट्रक्टरचं. मी स्क्रू आवळला व्हता?"

"हो."

"नक्की?"

"नक्की, मामा. मीच तो सैल केला. जोर लावावा लागला होता."

मामा स्टुलावर बसले. आपले हात उलटसुलट करून बघू लागले. मग एकदम हसू आलं त्यांना, आणि हसता हसता डोळे भरले. "अकरा वरसं झाली, माझा माझ्या हातावर भरवसा न्हाई. आवळलेलं पुन्ना बगतो. घरी ग्यासचं बटन तीनदा बगतो. तुजी मनकर्णा मामी म्हनती, तुमचं डोस्कं गंजलं. मला बी तसंच वाटाया लागलं व्हतं. इन्स्ट्रक्टरचं बारगळलं तवा बरंच वाटलं. म्हनलं, ज्येचा सोताचा स्क्रू ऱ्हातो त्यानं पोरांना काय शिकवावं?"

तमन्ना इतकी वर्षं एका पदाचा हिशेब मनात धरून बसली होती. आपण माणसाचं काय नेलं, हे तिला आज समजलं.

हॉलकडून हाक आली, नारळ-शाल तयार होती. मामा उठले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, त्यात राग नव्हता, हे तिला जाणवलं.

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "पर लई उशीर केलास गं पोरी."

ते हॉलच्या दिशेनं निघाले. कितीतरी वर्षांनी त्यांचा हात पुन्हा खात्रीचा झाला होता, आणि सोमवारपासून त्या हाताला काही काम नव्हतं.