अकरा नंबरचा डाग

स्टेडियमच्या तळघरातल्या धुलाईच्या खोलीत तीस वर्षं काढल्यावर ढांगीला माणसांबद्दल फारसा भ्रम उरला नव्हता. वर टाळ्या घेणारे लोक खाली काय पाठवतात ते तिला रोज दिसायचं. घामाने कडक झालेले मोजे, खिशात चिकटवलेला च्युइंगगम, ओकारी पुसलेला टॉवेल, आणि तोही छान घडी घालून, म्हणजे कुणाचा ते कळू नये. ती नाक मुरडायची, तोंडातल्या तोंडात शिव्या घालायची आणि धुवायची. एकसष्टी आली तरी दोन पावलांत खोली ओलांडायची. त्या लांब ढांगांवरूनच तिला हे नाव पडलं होतं. कुठे पडलं, हे मात्र तिने घरात कधी सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी बास्केटबॉल संघटनेचा सचिव स्वतः जिना उतरून आला. हातात प्लास्टिकची पिशवी, आत एक पिवळी सुती जर्सी. अकरा नंबर, डाव्या खांद्यावर तळव्याएवढा तपकिरी डाग. सचिवाने तिला इतिहास शिकवायला घेतला. बेचाळीस वर्षांपूर्वी याच कोर्टवर आपल्या मुलींचा संघ पहिल्यांदा दुसऱ्या देशाच्या संघाशी खेळला, एका गुणाने जिंकला, शेवटची बास्केट अकरा नंबरने टाकली, आणि ती अकरा नंबर म्हणजे आपल्या अध्यक्षबाई. रविवारी हॉलला त्यांचं नाव द्यायचंय, जर्सी काचेच्या पेटीत ठेवायचीय, तेवढा डाग काढा.

ढांगी मान डोलावत राहिली. तो वर गेल्यावर तिने जर्सी नाकाशी धरली. ते रक्त तिचं होतं.

त्या दिवशी तिचा नंबर होता सात. संघाला दहाच जर्स्या मिळाल्या होत्या, जादा एकही नाही. मध्यंतराच्या आधी समोरच्या एका धिप्पाड मुलीने तिची जर्सी अशी ओढली, की बगलेपासून कमरेपर्यंत उसवली. पंच म्हणाले, अशा अवतारात खेळता येणार नाही. मग कपडे बदलायच्या खोलीत बाकावरच्या राखीव मुलीने आपली जर्सी काढून तिच्या अंगावर टाकली. ती गोरी, नाजूक, संघातली सगळ्यात कमी खेळणारी. सगळ्या तिला बाहुली म्हणायच्या. नंबर बदलला तर गुण लिहिणाऱ्या टेबलावर जाऊन सांगावं लागतं. ते गडबडीत राहून गेलं. ज्याला त्याला वाटलं दुसऱ्याने सांगितलंय. उत्तरार्धात कोपर लागून ढांगीची भुवई फुटली, तशीच ती खेळली, आणि शेवटच्या क्षणी डावीकडून घुसून तिने बास्केट टाकली. टेबलावरच्या मास्तरांनी पाठीवरचा आकडा बघितला आणि नाव लिहिलं बाहुलीचं.

बाहुली तेव्हा खरोखर रडवेली झाली होती. मी आत्ता जाऊन सांगते म्हणाली. ढांगीनेच तिचा हात धरला. घरी तिने परिचारिकांच्या शिबिराला जाते अशी थाप मारली होती. उघड्या पायांनी परक्या पुरुषांसमोर उड्या मारणारी मुलगी दादांनी, म्हणजे वडिलांनी, घरात घेतली नसती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बाहुलीचं नाव बघून तिला हायसं वाटलं होतं. पुढे दादा गेले, पण तोवर सासर आलं होतं. मग मुलगी झाली, नवरा गेला, आणि थापेची सवयच होऊन गेली. भुवईवरची खूण शिबिरात जिन्यावरून पडल्याची, हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की कधी कधी तो जिना डोळ्यांसमोर यायचा. संघातल्या बाकीच्या परदेशी गेल्या, वारल्या, किंवा कशाला वाकड्यात शिरा म्हणून गप्प बसल्या. आणि बाहुली त्या एका बास्केटवर आधी निवड समितीत, मग उपाध्यक्ष, मग अध्यक्ष झाली. दर वर्षी भाषणात ती बास्केट थोडी थोडी लांबून पडायला लागली.

ढांगीला तिची किळस यायची. पण स्वतःची त्याहून जास्त यायची, कारण ही घाण तिने स्वतःच्या हाताने पेरली होती. आणि आता तर चौदा वर्षांच्या नातीने, शाळेच्या संघातल्या पोरीने, पलंगाच्या वर अध्यक्षबाईंचा फोटो लावला होता. रोज सकाळी आजी चादर झटकायची ती त्या फोटोखाली.

शुक्रवारी बाहुली खाली आली. रुमाल नाकाला लावूनच आली. डाग अजून तसाच बघून तिच्या कपाळाला आठी पडली. लोक उगाच विचारतात कसला डाग म्हणून, ती म्हणाली.

“मग सांग ना कसला ते,” ढांगी म्हणाली.

बाहुलीने दाराकडे एकदा बघून घेतलं. “तूच म्हणाली होतीस ना, राहू दे म्हणून? मी तुझी अब्रू राखली. रविवारी पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांगते तुझ्यासाठी. ये. चांगली साडी नेस.”

अत्तराचा वास मागे ठेवून ती गेली. त्यापेक्षा मोजे परवडले, असं ढांगीला वाटलं.

रक्ताचा डाग गार पाण्याने काढायचा असतो. मीठ घालून भिजवायचा, पाणी बदलत राहायचं, धीर धरायचा. ढांगीच्या हाताने जुने जुने डाग निघाले होते. गरम पाणी लागलं की रक्त धाग्यात शिजतं आणि मग ते कुणाच्या बापाला निघत नाही. हे तळघरात पहिल्या दिवशी शिकवतात. ढांगीने बॉयलरची तोटी सोडली, वाफाळतं पाणी बादलीत घेतलं, आणि जर्सी त्यात बुडवून तासभर बादलीपाशी बसून राहिली. पिवळा रंग स्वच्छ उजळला. डाग पक्का झाला.

रविवारी पेटी उघडली तेव्हा सगळ्यांच्या नजरा आधी खांद्यावरच गेल्या. सचिवाचा चेहरा पडला. बाहुली मात्र मुरलेली होती. तिने माईक हातात घेतला, आवाज जड केला आणि म्हणाली, हे देशासाठी सांडलेलं रक्त आहे, त्या दिवशी माझी भुवई फुटली होती. बोट भुवईवर ठेवून दाखवलंसुद्धा. टाळ्या पडल्या.

मंचावर पेटीशेजारी शाळेच्या मुली ओळीने उभ्या होत्या, त्यांत नात होती, अध्यक्षबाईंपासून दोन हातांवर. तिने त्या गुळगुळीत भुवईकडे पाहिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या आजीकडे पाहिलं आणि बघतच राहिली. टाळ्या थांबल्या तशी ती ओळ मोडून खाली आली आणि आजीच्या खुर्चीपाशी उकिडवी बसली.

“आजी,” तिने हळू विचारलं, “तू पडलीस ते शिबिर कुठल्या साली होतं गं?”

ढांगीच्या तोंडात सवयीने जिनाच आला. पायऱ्या किती, पाय कसा घसरला, सगळं तयार होतं. ते जिभेवर आलं आणि तिला स्वतःच्याच तोंडाची शिसारी आली. वर बाहुली माईक धरून तिच्याकडेच बघत होती, आणि दिसेल न दिसेलशी मान हलवत होती, नाही म्हणून.

“शिबिर नव्हतं बाळा,” ढांगी म्हणाली. तिने आवाज खाली घेतला नाही. “ती जर्सी मी घातली होती.”

हॉल शांत होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. नातीने हात वर केला आणि आजीच्या भुवईवरची खूण बोटाने चाचपून बघितली.